सूत जगाला विकतो, मग कापडात मागे का? वस्त्रोद्योग, सरकार आणि उद्योजक

यंत्रमागकरी

मागच्या महिन्यात वडिलांचे सोळा माग भंगारात गेले. वजनावर. तीन दिवस शेडमध्ये गॅस कटर चालू होता आणि वडील एकदाही तिकडे फिरकले नाहीत. त्या निमित्ताने घरात जुनी कागदपत्रं बाहेर निघाली आणि एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. हे सोळा माग एका माणसाचे कधी नव्हतेच. चार आजोबांच्या नावावर, चार आजीच्या, चार थोरल्या काकांच्या आणि चार माझ्या वडिलांच्या नावावर, जे तेव्हा शाळेत जात होते. शेड एकच, पण मधे विटांच्या कमरेएवढ्या भिंती. लहानपणी आम्ही त्यावरून उड्या मारायचो. त्या भिंती कशाला, हे कुणी विचारलं नाही.

कारण साधं होतं. चार मागांपर्यंतच्या कारखान्याला अबकारी करात सूट होती, पाचवा माग लावला की कर लागू. मग पाचवा माग बायकोच्या नावावर. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सगळीकडे हेच झालं.

यावर गेले काही दिवस वाचतोय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. भारत सुताच्या निर्यातीत जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. कापूस आपला, सूत आपलं, माणसं आपली. मग कापड आणि तयार कपडे यांत आपल्या मागून आलेले देश पुढे कसे गेले? यात सरकारचा वाटा किती आणि आपल्या धंदेवाल्यांचा किती?

माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय १९५० च्या दशकातला आहे. स्वातंत्र्यानंतर देशापुढे लाखो हातमाग विणकरांचा प्रश्न होता. १९५४ च्या कानुनगो समितीने सुचवलं की हातमाग टप्प्याटप्प्याने यंत्रमागावर न्यावेत. १९५५ च्या कर्वे समितीची दिशा वेगळी होती: रोजगार वाचवायचा, म्हणून कापडाची वाढती गरज विकेंद्रित क्षेत्राने भागवायची आणि गिरण्यांची विणाई आहे तिथेच थांबवायची. सरकारने हा मार्ग धरला. १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या जवळपास गोठली. त्या वेळी गिरण्यांत सुमारे २ लाख माग होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाही साधारण तेवढेच.

हेतू हातमाग वाचवण्याचा होता, पण लोकसंख्या वाढली, कापड तर लागणारच. गिरणीला माग लावता येईना, हातमागाला एवढं कापड निघेना. या दोघांच्या मधली जी जागा मोकळी राहिली, तिथे आम्ही आलो. १९५१ च्या सुमारास देशात यंत्रमाग होते सुमारे २४ हजार. आज आकडा २४ लाखांच्या आसपास आहे. १९५१ मध्ये देशातलं सुमारे ८० टक्के कापड गिरण्या विणत होत्या. आज त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्याही खाली आहे. आमची गावं उभी राहिली ती अशी. आमच्या घरचा भात याच निर्णयातून आला, हे मी विसरत नाही. पण सगळा उद्योग चार-चार मागांचे तुकडे होऊन वाढला, हेही त्याच निर्णयातून आलं.

जाणकारांनी लिहावं.

गिरणगावची

धाग्याबद्दल मनापासून आभार. वाचताना लालबागच्या चाळीतला आमचा पहाटेचा भोंगा कानात वाजला. वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणाई खात्यात होते, आधी बदली, मग कायम.

सगळं १९५६ पासून सुरू होतं असं मला वाटत नाही. मागे जाऊया. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी कंपनी काढली. पैसा कुणाचा? इथल्या व्यापाऱ्यांचा. यंत्रं लँकेशायरची. सरकारने मदत केली नाहीच, उलट १८९६ मध्ये इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. आयात कापडावरही साडेतीन टक्के जकात होती, मग मँचेस्टरच्या मालाला स्पर्धा नको म्हणून आपल्या मालावरही तेवढाच कर! हा कर जायला १९२५ उजाडलं. म्हणजे ज्या काळात जपान आपल्या गिरण्या वाढवत होता, त्या तीस वर्षांत आपलं सरकार आपल्याच उद्योगाच्या पायात पाय घालत होतं. तरीही गिरण्या वाढल्या, हे श्रेय खाजगी भांडवलाचं आणि कोकण-घाटावरून आलेल्या माणसांचं.

पुढे १९३० मध्ये संरक्षक जकात आली आणि १९३३ मध्ये जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली. तेव्हा मात्र गिरणीमालकांना सरकार हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांनी भरपूर कमावलं. तिन्ही पाळ्या, माल मिळेल त्या भावाने जायचा. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं आणि वस्त्रोद्योग आयुक्तांचं कार्यालय सुरू झालं, ते याच काळाबाजाराला आळा घालायला. त्या नफ्यातून नवी यंत्रं किती आली? वडील १९७० च्या दशकात ज्या सांच्यावर (मागावर) उभे राहायचे, तो त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. मागांची संख्या गोठली होती हे खरं, पण जुना सांचा काढून नवा लावायला तर सगळ्यांनाच बंदी नव्हती.

कपाशी

यवतमाळकडचा आहे. तुमच्या चर्चेत सूत आहे, कापड आहे, कपाशी कुठेच नाही. ज्याच्यापासून सगळं सुरू होतं तोच शेवटी आठवतो, म्हणून लिहितो.

विदर्भात कापूस पिकतो आणि गिरण्या मुंबईत, हे पहिल्यांदा बदललं जमशेटजी टाटांनी. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा फार लांब नाही, रेल्वे दाराशी. लँकेशायर अजून म्यूल या जुन्या कताई यंत्रावर सूत काढत होतं, तेव्हा या मिलने रिंग स्पिंडल ही कताईची नवी पद्धत आजमावून बसवली. धंदेवाला डोळे उघडे ठेवून धंदा करतो तेव्हा काय होतं त्याचं हे उदाहरण.

सरकारी कामाचंही एक उदाहरण देतो, कारण ते विसरलं जातं. १९७० मध्ये सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हे संकरित वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठीचं जगातलं पहिलं संकरित कापूस वाण. हाताने फूल खुडून, हाताने परागीकरण करून बियाणं तयार करायचं, म्हणजे ते फक्त आपल्यासारख्या देशात परवडणारं. त्याआधी लांब धाग्याचा कापूस आपण परदेशातून आणायचो. कोणत्या गिरणीने यावर पैसा घातला नव्हता.

आणि मग आमच्या राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना, १९७२ पासून. व्यापाऱ्याच्या हातून लूट होऊ नये म्हणून सगळा कापूस सरकारच घेणार. सुरुवातीला आमच्या घरी याचा खरंच आधार होता. भाव पडला तरी हमी होती. पण एकच खरेदीदार राहिला की तोलणाऱ्याचं मन सांभाळावं लागतं. आमच्या भागातल्या एका केंद्रावर बाबा बैलगाडी घेऊन तीन रात्री रांगेत होते, आणि चौथ्या दिवशी ‘ओला आहे’ म्हणून प्रत खाली लावली. चुकारे कधी येतील सांगता यायचं नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री गाड्या सीमा ओलांडायच्या. २००२ च्या सुमाराला खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली.

आणखी एक. मार्च २०१२ मध्ये केंद्राने एका रात्रीत कापूस निर्यात बंद केली. का? सूतगिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा. तुमच्या चर्चेत ‘उद्योगाला मदत’ म्हणतात ती अनेकदा आमच्या खिशातून जाते. हे कुणी तरी लिहायला हवं होतं.

यंत्रमागकरी

@कपाशी, अगदी बरोबर, माझ्या मूळ धाग्यात ही बाजू राहून गेली. सूत महागलं की आम्ही मोर्चे काढतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला तुमची गाडी रांगेत उभी असते, हा विचार आमच्या मोर्चात कधी नसतो.

रिंगफ्रेम

तीस वर्षं सूतगिरण्यांत काढली, आता निवृत्त. मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: सूतकताईला सरकारने विणाईसारखी अडवली नाही. माग गोठवले, सूत कातणाऱ्या चात्या गोठवल्या नाहीत. परवाना लागायचा, पण यंत्रमाग आणि हातमाग दोघांनाही सूत पाहिजेच, म्हणून सूतगिरण्या वाढू दिल्या.

आणि दुसरी गोष्ट, इथे सरकार आणि खाजगी दोघांनी एकत्र काम केलं. अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी १९४७ मध्ये अटिरा ही संशोधन संस्था काढली, विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक. पैसा उद्योगाचा आणि सरकारचा. पुढे मुंबईत बिट्रा आणि कोइमतूरमध्ये सिट्रा निघाल्या. मी तरुण असताना कोइमतूरला प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे प्रत्येक गिरणीचे आकडे घेऊन, नावं न सांगता, बाकीच्यांशी तुलना करून परत द्यायचे: तुमच्या गिरणीत धागा किती वेळा तुटतो, वाया कापूस किती जातो, एका कामगारामागे उत्पादन किती. आपण कुठे उभे आहोत हे मालकाला दर तिमाहीला दिसायचं. यंत्रं परदेशातून आणावी लागत, तर १९६२ मध्ये कोइमतूरला लक्ष्मी मशीन वर्क्स उभी राहिली, स्विस रीटर कंपनीच्या सहकार्याने. रिंगफ्रेम, म्हणजे सूत कातायचं मुख्य यंत्र, इथेच बनू लागली, सुटे भाग इथे, मेकॅनिक इथे.

विणाईत असं काही झालं का? चार मागवाल्याला कोण तुलनेचे आकडे देणार? त्याला नवा माग विकायला कोण येणार? मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग रंगवून तुमच्याकडे आले. ज्याच्याकडे चारच माग ठेवण्यात फायदा आहे, तो चांगला माग घेईलच कशाला.

सहकारी सूतगिरण्यांबद्दल मात्र जीव तुटतो. महाराष्ट्रात सभासदांचे ५ टक्के, शासनाचं भागभांडवल ४५ टक्के आणि कर्ज ५० टक्के, असा ढाचा. कल्पना सुंदर: शेतकऱ्याचा कापूस त्याच्याच गिरणीत. काही गिरण्या फार चांगल्या चालल्या, इचलकरंजीच्या आसपासच्याही. पण ज्याचा स्वतःचा पैसा शंभरात पाच, त्याला यंत्र बंद पडल्यावर झोप लागते. मी अशा एका गिरणीत होतो जिथे संचालकांची बैठक महिन्यातून दोनदा व्हायची आणि त्यात नोकरभरती सोडून विषय नसायचा.

सोलापूरची सून

वाचतेय. @यंत्रमागकरी, ज्यांना वाचवायला हे सगळं झालं त्यांच्याबद्दलही थोडं. माझं सासर पद्मशाली विणकरांचं. आजेसासरे हातमागावर साड्या विणायचे.

सूतगिरण्यांवर बंधन होतं की विकायच्या सुतातला अर्धा वाटा लडीच्या रूपात द्यायचा, कारण हातमागाला सुताची मोकळी लडी लागते, यंत्रमागासारखा गुंडाळलेला कोन नाही. त्या लडीला करात सवलत. आता लडी ओळखायला सोपी असली तरी ती पुन्हा कोनवर चढवता येते. सवलतीची लडी बाजारातून थेट यंत्रमागवाल्याकडे जायची आणि आजेसासऱ्यांना सूत मिळायचं ते उधारीवर, सावकाराच्या भावाने. १९८५ मध्ये हातमागासाठी २२ प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदाही आला. साड्या, पंचे, लुंग्या. तोही कोर्टात अडकला, आणि नंतर राखीव प्रकार ११ वर आले. मंगळवार बाजारात मात्र यंत्रमागावरची साडी ‘हातमाग’ म्हणून कायम मिळायची.

घरातल्या पुढच्या पिढीने हातमाग काढून चादरीचे आणि टॉवेलचे यंत्रमाग लावले. कुणाला दोष द्यायचा? आजेसासरे म्हणायचे, ‘सरकारनं माझा माग राखला, माझी मजुरी राखली नाही.’ मला अजून वाटतं की त्या सवलतींचा पैसा थेट विणकराच्या हातात, कामाच्या दरात, नक्षीच्या शिक्षणात गेला असता तर चित्र वेगळं असतं.

जुना मुंबईकर

सगळे प्रतिसाद वाचले. सरकारच्या नियमांवर फार भार पडतोय असं वाटतं. नियम तर अहमदाबादलाही तेच होते आणि कोइमतूरलाही. मग मुंबईच्याच गिरण्या एवढ्या का ढासळल्या?

मॅनेजिंग एजन्सी ही मूळ व्याधी. गिरणी भागधारकांची, पण कारभार एजंट कुटुंबाकडे. सुरुवातीच्या काळात त्यांचं कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर असायचं, पौंडामागे पाव आणा असा दर प्रसिद्ध होता. गिरणी तोट्यात असली तरी सूत काढत राहायचं आणि कमिशन घेत राहायचं. कापूस खरेदी एजंटाच्याच पेढीतून, विक्री त्याच्याच पेढीतून. ही पद्धत कायद्याने जायला १९७० उजाडलं.

सरकारनेही दुसरी चूक केली ती १९६० च्या दशकात. ‘नियंत्रित कापड’ योजना. गरिबाला स्वस्त धोतर-साडी मिळावी म्हणून गिरणीने ठरावीक वाटा तोट्यात विणायचा. उद्देशाला नावं कोण ठेवणार? पण तो भार फक्त गिरण्यांवर, यंत्रमागावर नाही. आजारी गिरण्यांसाठी १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ आलं आणि १९७४ मध्ये शंभराहून जास्त गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. गिरणी बंद करायची नाही, वाढवायची नाही, माणूस कमी करायचा नाही.

आणि मग १८ जानेवारी १९८२.

गिरणगावची

@जुना मुंबईकर, त्या तारखेवर थांबलात ते बरं केलंत, कारण तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

अडीच लाख गिरणी कामगार संपावर बाहेर पडले. बाहेरचे लोक म्हणतात, डॉ. दत्ता सामंतांनी संप ताणला आणि गिरण्या बुडवल्या. आमच्या घरात प्रश्न पगाराएवढाच प्रतिनिधित्वाचा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना. कामगाराला ती नको असेल तरी मालक बोलणार तिच्याशीच. वडील म्हणायचे, ‘आमचं ऐकायला कायद्यानं कुणी ठेवलंच नाही.’ बदली कामगार पहाटे गेटवर उभा राहायचा, बिल्ला मिळाला तर काम, नाहीतर परत. अशा माणसाला संप परवडत नाही, तरी तो गेला.

संपाच्या काळात गिरणीमालकांचं कापड थांबलं नाही, हे लक्षात घ्या. भिवंडीहून यंत्रमागावर विणून घेतलं आणि त्यावर आपला शिक्का मारून विकलं. तेव्हाच मालकांना कळलं की माग ठेवायचीच गरज नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग असा फरक काढून टाकला आणि गिरणी बंद करणंही सोपं झालं. नंतर १९९१ चा विकास नियंत्रण नियम ५८: गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि हिस्सा फक्त रिकाम्या जागेवर मोजायचा ठरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परळ-लोअर परळमध्ये ज्या जागेचे तीन भाग व्हायचे होते, तिथे शहराच्या वाट्याला तुकडे आले.

आई तेव्हा खानावळ चालवायची. अकरा गडी जेवायला. संपात एकाकडूनही पैसे आले नाहीत आणि एकालाही तिने उठवलं नाही. परळमध्ये प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं, म्हणून अशा कितीतरी चुली तगल्या. वस्त्रोद्योगाच्या इतिहासात या बायकांची नावं येत नाहीत. पण अडीच लाख माणसांचं जेवण हाही एक धंदाच होता आणि तो कुणाच्याही धोरणात नव्हता.

टाका

मी तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर आहे. मूळ प्रश्नातला ‘मागून आलेले देश’ हा भाग माझ्या रोजच्या कामाचा.

बांगलादेशची गोष्ट थोडक्यात. कापूस नाही, सूत नव्हतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या देश गारमेंट्सने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० जणांना शिकायला बुसानला पाठवलं. ते परत आले आणि त्यातल्या अनेकांनी पुढे स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. ही झाली खाजगी बाजू. सरकारने दोनच कामं केली, पण मोक्याची: निर्यातीसाठीचं कापड कर न भरता बंधपत्रित गोदामात आणायची सोय, आणि परदेशी ग्राहकाच्या पतपत्राच्या (बँकेच्या पैसे देण्याच्या हमीच्या) जोरावर कापडासाठी दुसरं पतपत्र उघडायची सोय. म्हणजे खिशात भांडवल नसलेला माणूसही कारखाना काढू शकला. शिवाय तेव्हा बहुतंतू करार या कापड-कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली मोठ्या निर्यातदारांवर देशवार कोटा होता आणि बांगलादेशवर तो नव्हता. कोरियन कंपनीला हेच हवं होतं.

आपल्याकडे याच काळात तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव होते. हे आरक्षण उठलं २००० मध्ये, विणलेल्या होजिअरीचं तर त्यानंतर. कोटा पद्धत संपली ती २००४ च्या अखेरीस. म्हणजे तिकडे हजार-हजार मशीनचे कारखाने मुरले, तेव्हा कुठे आपण तसल्या कारखान्यांना परवानगी देत होतो. तरी तिरुपूरने त्या चौकटीतही होजिअरीत नाव काढलं. पन्नास लहान कारखाने मिळून एक ऑर्डर पूर्ण करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता @यंत्रमागकरी, तुमचं कापड आमच्याकडे का येत नाही ते सांगते. आम्ही कापड चार-गुण पद्धतीने तपासतो. दिव्याच्या टेबलावर कापड ओढायचं. ३ इंचापर्यंतच्या दोषाला १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. शंभर चौरस यार्डात ४० च्या वर गुण गेले की तो तागा परत. साध्या मागावरचं कापड बहुतेक वेळा या रेषेच्या वर जातं, आणि पन्हा कमी असल्याने मार्करमध्ये (कापडावर तुकडे मांडून कापताना) वाया जास्त जातं ते वेगळं. एका शर्टाच्या ऑर्डरला एकसारखं ३०,००० मीटर लागतं. ते पंधरा शेडमधून गोळा केलं तर पंधरा छटा येतात.

यंत्रमागकरी

@टाका, हे कुणीतरी आम्हाला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आमच्याकडे व्यापारी येतो, तागा हातावर घेतो, ‘खराब आहे’ म्हणून मजुरी कापतो. किती खराब, कशाने खराब, हे कधी आकड्यात येत नाही.

खर्चीवाल्याचं गणित समजावं म्हणून मांडतो. सूत व्यापाऱ्याचं, माग माझा, मजुरी पिकावर, म्हणजे इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर. उदाहरणादाखल ६० पिकाचं कापड धरा आणि पिकाला ५ पैसे, म्हणजे मीटरला ३ रुपये. साधा माग मिनिटाला १६० पीक मारतो, म्हणजे तासाला १६० इंच, जेमतेम ४ मीटर. माग एक क्षणही न थांबता चालला तर तासाला १२ रुपये. त्यातून विणणाऱ्याची मजुरी, कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, दिवाणजी, वीज, भाडं. एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने धागा नेणारा नवा माग, मिनिटाला ८०० च्या वर मारतो. तो घ्यायचा तर किंमत आमच्या शेडपेक्षा जास्त.

सरकारने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली, कर्जाच्या व्याजात ५ टक्क्यांची सूट. चांगली योजना. सूतगिरण्यांनी तिचा भरपूर फायदा घेतला, कारण त्यांच्याकडे ताळेबंद होता, तारण होतं. आमच्याकडे चार नावांवर चार-चार माग. बँकेने विचारलं, तुमचा धंदा नेमका कुणाचा? वडिलांना उत्तर देता आलं नाही. सहा वर्षं करात वाचलेला पैसा पुढे चाळीस वर्षं असा फिटला.

आमच्यासाठी राज्याने वीजदरात सवलत दिली. २७ अश्वशक्तीच्या खाली एक दर, वर दुसरा. २०२४ मध्ये अतिरिक्त सवलतही अशीच विभागून दिली, खाली युनिटला १ रुपया आणि वर ७५ पैसे. मी याच्या विरोधात नाही, ती नसती तर वडिलांचे माग दहा वर्षं आधीच गेले असते. पण पुन्हा रेषा तीच: लहान राहा, जास्त मिळेल.

रिंगफ्रेम

@यंत्रमागकरी, एक आठवण करून देतो, तुमच्याच गावाची. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला, त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं प्रोत्साहन होतं. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिल काढली. राज्यकर्त्याने जागा आणि पाठबळ द्यायचं, धंदेवाल्याने डोकं आणि धोका. तुमच्या भागात हे जमलेलं आहे, म्हणून म्हणतो.

कपाशी

जमेल. पण त्या साखळीत या वेळी जिनिंगपासून (सरकी काढण्यापासून) धरा. आमच्या कापसात पोत्याचा सुतळीचा धागा आणि प्लास्टिक जातं, त्याने तुमचा धागा तुटतो आणि त्यांच्या टेबलावर गुण वाढतात. वेचणाऱ्या बाईला कापडी झोळी दिली तरी यातलं बरंच थांबतं. आम्ही यंदा आमच्या वीस एकरांवर दिल्यात.

यंत्रमागकरी

काल चुलतभावाच्या शेडवर गेलो, त्याचे २४ माग चालू आहेत. @टाका यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या घडी टेबलाखाली दोन ट्यूबलाइट लावल्या, वर काच टाकली. एक तागा ओढला. तपासायला मी, भाऊ आणि त्याच्याकडे बावीस वर्षं विणणारे मामा. मामा तर आधी चिडले, मग स्वतःच बोट ठेवून दाखवायला लागले.

शंभर चौरस यार्डाला ६१ गुण आले. पण त्यातले निम्म्याहून जास्त दोष एकाच जातीचे: कांडीवरचा आडवा धागा संपला आणि माग वेळेत थांबला नाही, म्हणून राहिलेली पिकं. मामांचं म्हणणं, आठ मागांवर एकच माणूस असला की हे होणारच. सहा माग दिले तर होणार नाही. भावाचं म्हणणं, सहावर मजुरी परवडत नाही. दोघंही खरं बोलत होते. शेवटी चार मागांचे वेफ्ट फोर्क (आडवा धागा संपला की माग थांबवणारा भाग) दुरुस्त करून तेवढेच पंधरा दिवस तपासायचं ठरलं. @टाका, तागा क्रमांक लिहून ठेवलेत. दुसऱ्या खेपेचे आकडे इथेच टाकतो, तुम्ही बघून सांगा.